आठ महिन्यांच्या बाळाशी काय बोलायचे?

“आठ महिन्यांच्या पोराशी काय बोलायचं बाई? त्याला काय कळतंय?” गेल्या मार्चमध्ये तासगाव तालुक्यातील एका बेदाणा शेडमध्ये एका आईने मला हा प्रश्न विचारला, आणि विशेष म्हणजे तो विचारत असतानाच ती त्या बाळाशी बोलत होती. पंधरा-वीस बाया ओळीने बसून बेदाणा निवडत होत्या. काळा दाणा एकीकडे, काडी दुसरीकडे, आणि हात क्षणभरही थांबत नव्हते. शेडच्या लोखंडी खांबांना जुन्या साडीची झोळी बांधली होती आणि तीत तिचा मुलगा जागा होऊन पाय झाडत होता. त्याने “आऽ” असा लांब सूर काढला. तिने मान वर न करता तोच सूर परत दिला. तो गप्प झाला, जणू ऐकत राहिला, आणि मग जरा वरच्या पट्टीत “आऽबा” म्हणाला. “आबा? आबा गेलं रानात,” ती म्हणाली. झोळी हलली, आतून हसण्याचा आवाज आला आणि पुन्हा “आबा”. “येतील की सांजच्याला,” तिने पाटीतला बेदाणा पुढे सारत उत्तर दिले.

मी तिला एवढेच विचारले, “आत्ता तुम्ही दोघांनी काय केलंत ते बघितलंस का?” तिच्या ते ध्यानातही नव्हते. त्याने आवाज काढला, तू उत्तर दिलेस, तो थांबून राहिला आणि आपली पाळी आल्यावर पुन्हा बोलला, असे तीन वेळा झाले, असे मी तिला सांगितले. शेजारच्या दोघी-तिघींचे हात प्रथमच थांबले. “खरंच की,” एक म्हणाली, “पाळीपाळीनं बोलतंय.”

गेली चार वर्षे आम्ही गावातले काही जण तीन वर्षांच्या आतल्या मुलांच्या घरी जाऊन आयांना त्यांच्याशी बोलायला-खेळायला साथ देण्याचे जे काम करतो आहोत, ते जवळजवळ सगळे या एका प्रसंगात आले आहे, म्हणून सुरुवात त्याने केली.

मी जिल्हा परिषदेच्या शाळांतून तेहतीस वर्षे शिकवले आणि त्यातली बरीचशी वर्षे पहिलीचा वर्ग माझ्याकडे होता. सहा वर्षांचे मूल शाळेत पाऊल टाकते तेव्हा शिकण्याची सुरुवात होते, अशी माझी पक्की समजूत होती. काही मुले मात्र पहिल्याच आठवड्यात गोष्ट सांगू लागत आणि काही मुलांना स्वतःला काय हवे तेदेखील शब्दांत मांडता येत नसे. हा फरक कोठून येतो, याचा मी खोलात जाऊन विचार केला नाही. निवृत्तीनंतर आमच्या अंगणवाडी सेविकेला हातभार लावायचा म्हणून जाऊ लागले, तेव्हा तिने सहज बोलता बोलता सांगितले, “बाई, तीन वर्षांच्या पुढची पोरं माझ्याकडं येतात. तीनच्या आतल्यांचं मी वजन घेते, घरपोच आहार देते, नोंद करते. त्यांच्या घरी बसायला मला वेळ कुठला?” तिच्याकडे नोंदवह्या होत्या, मोबाईलवरची पोषण ट्रॅकरची माहिती होती, लसीकरणाचे दिवस होते आणि वर्गात पंचवीस मुले होती. तिची तक्रार नव्हती. ती वस्तुस्थिती सांगत होती.

अंगणवाडी हा शब्द आपल्या महाराष्ट्रातला आहे, याचा मला फार अभिमान वाटतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले, तेव्हा गरीब वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे त्यांना दिसले, आणि मग बालवाडीच मुलांच्या अंगणात नेण्याचा मार्ग त्यांनी काढला. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तो शब्द देशभर गेला. अंगणवाडीला इमारत मिळाली, खाऊ मिळाला, तक्ते मिळाले, आणि ते सगळे आवश्यकच होते. तीन वर्षांच्या आतले मूल मात्र अजूनही अंगणातच आहे. त्याच्याकडे आपणच जायला हवे. आशाताई (गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या) जातात, नवजात बाळाच्या भेटी झाल्यावर पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात त्यांची गृहभेट ठरलेली असते. केंद्र शासनाने २०२४ मध्ये जन्म ते तीन वर्षे या वयासाठी ‘नवचेतना’ हा आराखडा काढला असून त्यात वयाच्या महिन्यांनुसार खेळ दिलेले आहेत. आधार उत्तम आहे. कमी पडते ते माणसांचे बळ, आणि गावातली मोकळ्या वेळाची चार माणसे ते थोडेफार पुरवू शकतात.

आम्ही नऊ जण आहोत. एक शिवणकाम करणारी ताई, बचत गटातल्या तिघी, महाविद्यालयात शिकणाऱ्या दोन मुली, एक निवृत्त एसटी वाहक, एक आजी आणि मी. एकेकाकडे चार-पाच घरे आहेत आणि साधारण पंधरा दिवसांनी एकदा आम्ही प्रत्येक घरी जातो. कोणाला मानधन नाही. गावातच राहतो, त्यामुळे प्रवासाचा प्रश्न नाही.

पहिले सहा महिने मात्र मी हे काम चुकीच्या पद्धतीने केले. अंगणवाडीत माता बैठक बोलवायची, फळ्यावर मेंदूचे चित्र काढायचे आणि तासभर समजावून सांगायचे, हा माझा शिक्षकी शिरस्ता. त्यात सांगितलेले खोटे काहीच नव्हते. जन्मतः बाळाच्या मेंदूचा आकार मोठ्या माणसाच्या मेंदूच्या साधारण एक चतुर्थांश असतो आणि तीन वर्षांपर्यंत तो ऐंशी टक्क्यांच्या आसपास पोहोचतो. पहिल्या काही वर्षांत मेंदूतील पेशींमध्ये दर सेकंदाला दहा लाखांहून अधिक नव्या जोडण्या होतात. ज्या जोडण्या वारंवार वापरल्या जातात त्या पक्क्या होतात आणि ज्या वापरात येत नाहीत त्या हळूहळू छाटल्या जातात. गरोदरपणाचे २७० दिवस आणि बाळाची पहिली दोन वर्षे मिळून जे हजार दिवस होतात, त्यांत आईचा आहार, लोह, आयोडीन, पहिले सहा महिने निव्वळ आईचे दूध आणि त्यानंतर सुरू केलेला पूरक आहार यांचा मेंदूशी थेट संबंध असतो. बाया माना डोलवत, “बरोबर हाय बाई” म्हणत आणि घरी जात. पुढच्या बैठकीला निम्म्या येत. ज्यांना द्राक्षबागेत विरळणीला जायचे असे, त्या तर येऊच शकत नसत.

छाटणीच्या बाबतीत मात्र मला एक गोष्ट सापडली. आमच्या भागातल्या प्रत्येक बाईला एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळ छाटणी ठाऊक असते. वेलीला फुटवे भरपूर येतात, त्यांतले जोमदार राखायचे आणि बाकीचे काढायचे, हे काम ती रोजगारावर जाऊन स्वतःच्या हाताने करते. मेंदूतल्या जोडण्यांचेही असेच असते. फरक एवढाच की तिथे माळी बाहेरून येत नाही, घरातल्या रोजच्या बोलण्या-खेळण्यातून कोणता फुटवा राहायचा ते ठरत जाते. हे सांगितल्यावर एका बाईने विचारले, “मग बाई, आमच्या घरात दिवसभर कुणीच बोलत न्हाय, तर काय राहणार?” तो प्रश्न ऐकून मी बैठका थांबवल्या आणि घरोघरी जायला सुरुवात केली.

गृहभेटीत आम्ही काय करतो, ते लिहून ठेवावेसे वाटते, कारण नव्याने येणाऱ्या स्वयंसेवकाला नेमके तेच अवघड जाते. पहिली दहा मिनिटे काहीही सांगायचे नाही. खाली बसायचे आणि आई व बाळ यांच्यात काय चालले आहे ते पाहायचे. आई भाकरी थापत असेल तर थापू द्यायची. तेवढ्यात काहीतरी चांगले घडतेच, बाळाने परातीवर हात आपटला आणि आईने “वाजवतोस व्हय?” म्हटले, किंवा ते रांगत दाराकडे गेले आणि तिने नाव घेऊन बोलावले. ते तिच्या लक्षात आणून द्यायचे. मग त्याच धाग्यावर एखादा खेळ दाखवायचा आणि तो स्वतः न खेळता तिलाच खेळायला सांगायचे. बाळाने आमच्याकडे पाहून हसण्यात काही साधत नाही. आम्ही पंधरा दिवसांनी येणार, आई रोज असणार. निघताना खेळण्यांची पिशवी बदलायची. पिशवीत दोन वाट्या, झाकणाची रिकामी बरणी, चिंध्यांचा चेंडू, जुन्या ब्लाउजपिसाची बाहुली आणि शिवणकामवाल्या ताईने कापडावर शिवलेले चित्रांचे पुस्तक एवढेच असते. तोंडात पूर्ण जाईल अशी एकही वस्तू पिशवीत ठेवायची नाही, हा नियम आम्ही कटाक्षाने पाळतो. याच कारणासाठी शेडमधल्या बायांना आम्ही आवर्जून सांगतो की लहान मुलाच्या हातात अख्खा बेदाणा देऊ नका, तो घशात अडकू शकतो. भिजवून, कुस्करून द्या.

पिशवीची कल्पना माझी नाही. जमैकामध्ये १९८० च्या दशकात सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतील, वाढ खुंटलेल्या १२९ मुलांवर एक अभ्यास केला. ती मुले ९ ते २४ महिन्यांची होती. काहींना पूरक आहार मिळाला, काहींच्या घरी स्थानिक आरोग्य सहायिका दर आठवड्याला तासभर जाऊन आईला बाळाशी खेळायला शिकवत, काहींना दोन्ही मिळाले आणि काहींना यांतले काहीच मिळाले नाही. खेळणी घरगुती वस्तूंपासून बनवलेली असत आणि पुढच्या भेटीत बदलली जात. हे दोन वर्षे चालले. वीस वर्षांनंतर त्याच मुलांचा मागोवा घेतला गेला आणि २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा ज्यांच्या घरी खेळाच्या भेटी झाल्या होत्या त्यांची कमाई इतरांपेक्षा सरासरी पंचवीस टक्क्यांनी जास्त असल्याचे आढळले. त्या सहायिका डॉक्टर नव्हत्या, मानसशास्त्रज्ञही नव्हत्या. वस्तीतल्या बाया होत्या. आपल्याकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायांना प्रशिक्षण देऊन नवजात बाळांचे मृत्यू किती कमी करता येतात हे १९९९ मध्येच दाखवून दिले होते, त्यामुळे यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नसावे. तरीही “तुम्ही कोण तज्ज्ञ?” हा प्रश्न आम्हांला आजही विचारला जातो.

घरातल्या आज्यांनी मात्र तो कधीच विचारला नाही. आमच्या गटातल्या आजींना मी मुद्दाम सोबत नेते, कारण सासूशी सासूनेच बोलावे लागते. तळहातावर मोर बसवणे, एकेक बोट मोजत काखेपर्यंत जाऊन गुदगुल्या करणे, पदराआड तोंड लपवून एकदम पुढे येणे, अंघोळीच्या वेळी तेल लावताना एकेका अवयवाचे नाव घेणे, हे सगळे त्यांच्याजवळ आहेच. पदराआडचा खेळ खेळताना बाळ शिकत असते की दिसेनाशी झालेली वस्तू नाहीशी झालेली नसते, आणि आता काय होणार याची वाट कशी पाहायची असते. हे ऐकून एका आजींचा चेहरा असा काही उजळला की तो मी विसरणार नाही. “म्हंजी आमी उगीच येळ घालवत नव्हतो,” त्या सुनेकडे बघत म्हणाल्या.

वडिलांचे काम वाहक काकांनी हाती घेतले, आणि ते आमच्यापैकी कोणालाच जमले नसते. पुरुष बैठकीला येत नाहीत, घरी गेलो तर बाहेर निघून जातात. काका रोज संध्याकाळी दूध संकलन केंद्रावर उभे राहतात. फॅट लावून पावती मिळेपर्यंत प्रत्येकाला थांबावेच लागते. ज्याच्या घरी लहान मूल आहे त्याला ते एकच प्रश्न विचारतात: “आज पोरानं नवीन काय केलं?” सुरुवातीला कोणालाच उत्तर देता येत नसे. महिन्याभराने लोक उत्तर तयार ठेवून येऊ लागले, आणि उत्तर द्यायचे तर आधी घरी मुलाकडे पाहावे लागते. एकाने सांगितले की त्याची मुलगी त्याच्या किटलीचा आवाज ओळखते आणि दाराकडे सरकते. मग काकांनी त्याला सुचवले की दाराशी पोहोचल्यावर लगेच उचलून घेऊ नकोस, आधी तिच्याशी दोन शब्द बोल आणि ती काय म्हणते ते ऐक.

मोबाईलबद्दल थोडक्यात लिहिते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन वर्षांच्या आतल्या मुलांना पडद्यापासून दूर ठेवण्याचा सल्ला दिला असून भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारसही हीच आहे. दूर राहणाऱ्या नातेवाइकांशी होणारे व्हिडिओ कॉल एवढाच बालरोगतज्ज्ञांचा अपवाद. ज्या घरांत आई एकटी स्वयंपाक, जनावरे आणि रोजगार सांभाळते, तिथे मोबाईल हिसकावून घेण्याचा उपदेश मला क्रूर वाटतो. आम्ही फक्त जेवणाची वेळ मागतो. घास भरवताना मोबाईल नको, त्या वेळी कावळा, चिमणी, आजोबा, वरण, काहीही चालेल. एक वेळ सुटली की दुसरी सुटणे तुलनेने सोपे जाते, असा अनुभव आहे.

आता जे लिहायचे आहे ते जड जाते. तीन वर्षांपूर्वी माझ्याकडच्या एका घरात वीस महिन्यांचा मुलगा होता आणि तो एकही शब्द बोलत नव्हता. आईला काळजी वाटत होती. आजी म्हणाल्या, “त्याचा बापबी उशिराच बोलला,” आणि मी त्यांना दुजोरा देत म्हणाले की मुलगे उशिरा बोलतात, वाट पाहू. तेहतीस वर्षांच्या नोकरीने माझ्या शब्दाला गावात वजन आहे, त्यामुळे त्या आईने वाट पाहिली. सात महिन्यांनी माझ्याऐवजी शिवणकामवाली ताई त्या घरी गेली. तिच्या लक्षात आले की मूल दार आपटल्यावर वळते, कारण जमीन हादरते; पाठीमागून नाव घेतले तर वळत नाही. तिने आत स्वयंपाकघरात जाऊन, मुलाला दिसणार नाही अशा बेताने ताटली वाजवली. मूल बाहुलीचे केस ओढत राहिले. तपासणीत दोन्ही कानांनी कमी ऐकू येत असल्याचे निष्पन्न झाले. आता त्याला श्रवणयंत्र आहे, तो अंगणवाडीत जातो, शब्द जोडतो. कमी ऐकू येणाऱ्या बाळाचे निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचार सहाव्या महिन्यापर्यंत सुरू व्हावेत, असे तज्ज्ञ सांगतात. त्याच्या आयुष्यातले सात महिने माझ्या एका वाक्याने गेले, आणि त्याबद्दल मी त्या आईची क्षमा मागितली आहे.

तेव्हापासून “वाट पाहू” हे शब्द आमच्या गटात कोणी उच्चारत नाही. तीन महिन्यांचे होऊनही बाळ चेहऱ्याकडे पाहून हसत नसेल, नऊ महिन्यांचे होऊनही आधाराशिवाय बसत नसेल, वर्षाचे होऊनही बडबड करत नसेल किंवा नावाला वळत नसेल, दीड वर्षापर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नसेल, किंवा आलेली गोष्ट गेली असेल, तर आम्ही त्याच आठवड्यात सेविकेला आणि आशाताईंना कळवतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते, पण त्याची वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्रातून पुढे पाठवण्याची विनंती करता येते. निदान करणे आमचे काम नाही. दवाखान्याच्या दारापर्यंत आईसोबत जाणे हे मात्र आहे, कारण केसपेपर काढण्यापासून चिठ्ठी घेऊन दुसऱ्या इमारतीत जाण्यापर्यंतच्या खटपटीतच पुष्कळ बाया अर्ध्यावरून परत येतात.

आणखी एका घराविषयी लिहिल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही. दुसरी मुलगी झाली म्हणून त्या घरात कोणी नीट बोलत नव्हते. बाळ चार महिन्यांचे, आई त्याला मांडीवर घेऊन भिंतीकडे पाहत बसलेली. बाळाने हात हलवले, आवाज काढला, आईचा चेहरा हलला नाही. मग बाळाने तोंड फिरवले आणि स्वतःची मूठ चोखत राहिले. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात आयांना दोन-तीन मिनिटे मुद्दाम निर्विकार चेहरा ठेवायला सांगून बाळे नेमकी अशीच वागतात हे दाखवले होते; तिथे काही मिनिटांनी आई पुन्हा हसत असे. इथे किती दिवस असे चालले होते, कोण जाणे. तिला खेळ शिकवायला जाणे म्हणजे थकलेल्या माणसाच्या डोक्यावर आणखी एक पाटी ठेवणे झाले असते. आम्ही पिशवी बाहेरच ठेवली. आजींनी बाळाला घेतले, मी तिच्या केसांना तेल लावले, आणि चौथ्या भेटीत ती बोलली. आशाताईंच्या मदतीने तिला आरोग्य केंद्रात डॉक्टरांकडे नेले, माहेरहून बहीण दीड महिना येऊन राहिली, आणि सासऱ्यांशी वाहक काका तीनदा बोलले. तिच्या घरी खेळांची पिशवी पोहोचायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत बाळासाठी आम्ही काही केले नाही असे कोणी म्हटले, तर ते मला मान्य नाही.

आता फळ छाटणी सुरू होत आहे. छाटणी, मग विरळणी, मग घड बुडवणे, अशी कामे एकापाठोपाठ येतील आणि दिवसा घरी कोणी सापडणार नाही, म्हणून आम्ही भेटी संध्याकाळी सात ते आठ अशा ठेवल्या आहेत. मळ्यातल्या तीन वस्त्यांवर अंधारात दोघांनी मिळून जावे लागते, आणि तिथे आमची माणसे कमी पडतात. बेदाणा शेडमधला तो मुलगा आता सव्वा वर्षाचा आहे आणि त्याचे घर अशाच एका वस्तीवर आहे. त्याला “आबा”, “पाणी” आणि “गाडी” हे शब्द येतात. गुरुवारी दुपारी चार वाजता आम्ही अंगणवाडीच्या ओट्यावर पिशव्या भरायला बसतो. जवळपासच्या गावातले कोणी येऊन पाहणार असेल तर त्या वेळी यावे. येताना घरातली एखादी रिकामी, धुतलेली, झाकणाची बरणी आणली तर उपयोग होईल.